चेंबर म्हणजे नुसते भांडे, की त्याच्या आकारालाही काही अर्थ असतो?

कासारवडवलीकर
३ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गॅरेजात ज्याला सगळे चेंबर म्हणतात, म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेले आणि ऑइल साठवणारे पत्र्याचे पात्र, त्याविषयी माझा प्रश्न आहे. तो नीट कळावा म्हणून घडले ते क्रमाने सांगतो.

माझी गाडी ९ वर्षे जुनी, १.२ लिटरच्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या पावसात, घोडबंदर रस्त्यावरचा पाण्याने तुडुंब भरलेला खड्डा मला दिसला नाही आणि गाडीचे पोट असे आपटले की मागच्या सीटवर झोपलेली मुलगी दचकून उठली. घर जेमतेम पाचशे मीटरवर होते. सोसायटीच्या फाटकाशी येईपर्यंत ऑइलचा लाल दिवा लागला, मी तिथल्या तिथे इंजिन बंद केले आणि वॉचमनच्या मदतीने गाडी ढकलत जागेवर लावली. सकाळी गाडीखाली काळे थारोळे साचलेले होते. टो करून नेल्यावर कळले की ड्रेन नटाच्या वेल्डिंगपाशी चेंबरला चीर गेली आहे. कंपनीचा चेंबर यायला आठ-दहा दिवस लागतील असे सांगण्यात आले; मला रोज महापेला जावे लागते, म्हणून गॅरेजवाल्यांनी सुचवलेला बाजारी चेंबर बसवून घेतला. ऑइल आणि फिल्टरही नवे टाकले.

त्यानंतरच्या रविवारी मीरा रोडला बहिणीकडे जाताना, गायमुख घाट उतरत असता, पुढच्या ट्रकने एकाएकी वेग कमी केला, मी ब्रेक जोरात दाबला आणि ऑइलचा दिवा क्षणभर लागून विझला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आता नेमकी परिस्थितीही लक्षात आली आहे: उतार, ब्रेक आणि चांगले तापलेले इंजिन हे तिन्ही जुळून आले की दिवा लुकलुकतो, एरवी नाही. दांडी पुसून तीन वेळा पाहिली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेले आहे.

गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, चेंबर म्हणजे भांडं. भांड्यात काय डिझाइन असणार? सेन्सर गेला असेल." सेन्सर बदलला, पण दिवा तसाच लुकलुकतो. तेव्हा मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: चेंबरच्या आकाराचा वंगणाशी खरोखर काही संबंध असतो का, आणि अशा अवस्थेत गाडी चालवावी का?

शंकासुर
३ ऑगस्ट, रात्री ११.०२

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: घाटात नेऊ नका. ऑइलचा दिवा पेट्रोलच्या दिव्यासारखा पूर्वसूचना देणारा नसतो. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच तेलाचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) खाली गेला की दिवा लावतो. ज्या इंजिनाला मिनिटाला २५०० फेऱ्यांवर तीन बारच्या आसपास दाब असायला हवा, तिथे तो घसरून एक बारवर आला तरी दिवा गप्पच राहील. म्हणजे तो क्षणभर जरी लागला, तरी त्या क्षणी दाब जवळजवळ संपलेला असतो.

मात्र सगळे खापर एकदम चेंबरवर फोडण्याची घाई मला पटत नाही. घाट उतरताना तुम्ही क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडता का? तसे असेल तर इंजिन ८०० फेऱ्यांवर येते, तापलेले तेल पातळ झालेले असते आणि जुन्या बेअरिंगांच्या इंजिनात दिवा तेवढ्यानेही लागू शकतो. त्याचा तेल हिंदकळण्याशी काही संबंध नसतो. म्हणून एक साधी परीक्षा करा. अर्धा तास गाडी चालवून इंजिन पुरते तापवा, सपाट जागी उभी करा आणि आयडलिंगवर पाच मिनिटे दिव्याकडे बघत बसा. उभ्या गाडीत दिवा लुकलुकला तर दोष पंप, बेअरिंग किंवा तेलाच्या ग्रेडमध्ये शोधावा लागेल. उभ्या गाडीत गप्प आणि ब्रेकवरच लुकलुकत असेल, तर पंप चेंबरमधून ज्या जाळीतून तेल ओढतो तिच्यापाशी तेल पोहोचत नाही असा अर्थ होतो.

कासारवडवलीकर
४ ऑगस्ट, रात्री ९.३०

आपण सांगितल्याप्रमाणे आज परीक्षा केली. महापेहून परतल्यावर सोसायटीत गाडी दहा मिनिटे आयडलिंगवर ठेवली, एसी लावून आणि बंद करून पाहिले. दिवा एकदाही लागला नाही. घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, न्यूट्रल कधीच करत नाही. दिवा लागला तेव्हा इंजिनाच्या फेऱ्या दोन हजारांच्या वर होत्या, हे मला पक्के आठवते.

निवृत्त ऐरोलीकर
५ ऑगस्ट, सकाळी ७.५०

मी अनेक वर्षे इंजिनांच्या चाचणी विभागात काढली असल्याने या विषयावर बोलायला बसलो की घरचे उठून जातात. तुम्हाला मात्र वाचणे सोडून देण्याची मुभा आहे.

भांडेच म्हणायचे असेल तर म्हणा, पण हे भांडे चालत्या गाडीत असते आणि त्याच्या तळाशी एक नळी सतत ओढत असते, एवढे लक्षात ठेवून म्हणा. पंपाच्या ओढनळीच्या टोकाला जाळी असते आणि ती तळापासून सुमारे ६ ते १० मिलिमीटर वर ठेवलेली असते. त्याहून जवळ आली तर प्रवाह गुदमरतो, त्याहून वर गेली तर तळचे तेल तिच्या कामाचे राहत नाही. चेंबरची सारी रचना एका प्रश्नाभोवती उभी असते: गाडी कशीही कलली, थांबली, वळली तरी ही जाळी तेलात बुडालेली राहील का?

आता थोडे गणित करू. ब्रेक लावल्यावर तेलाचा पृष्ठभाग किती कलतो हे काढणे सोपे आहे. ब्रेकचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट असेल तर पृष्ठभाग दर १० सेंटिमीटरला ३ सेंटिमीटर चढतो. त्यात घाटाचा बाराला एक उतार मिळवा, गाडीचे नाक खाली दबते ते मिळवा, म्हणजे हा आकडा ०.४ च्या जवळ जातो. उतार एकटा फारसे काही करत नाही आणि ब्रेक एकटा सहसा निभावून जातो. तुमचा दिवा दोन्ही जुळल्यावरच लागतो, ते याच बेरजेमुळे.

तुमच्या इंजिनात दांडीवर तीन लिटर तेल दिसत असले तरी चालू इंजिनात त्यातले पाऊण लिटरच्या आसपास वर हेडमध्ये, फिल्टरमध्ये, नलिकांमध्ये आणि भिंतींवरून ओघळत असते असे धरू, म्हणजे खाली उरले २.३ लिटर. समजा चेंबर सपाट ताटासारखा आहे, ३६ सेंटिमीटर लांब आणि २४ सेंटिमीटर रुंद. हे तेल त्यात पसरले तर खोली जेमतेम २.७ सेंटिमीटर भरते. तुमचे इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे ब्रेक लावल्यावर तेल चेंबरच्या रुंदीवर पुढे धावते, आणि ०.४ च्या कलाने मागची सुमारे ६ सेंटिमीटरची पट्टी चक्क कोरडी पडते. जाळी त्या पट्टीत असेल तर पंप हवा ओढणार, हे उघड आहे.

आता तेवढेच तेल १८ बाय १६ सेंटिमीटरच्या खोलगट विहिरीत साठवा. खोली ८ सेंटिमीटर होते. तोच कल, तोच ब्रेक. पण विहीर अरुंद असल्यामुळे मागच्या कडेला पातळी फक्त ३.२ सेंटिमीटर उतरते आणि तिथेही ४.८ सेंटिमीटर तेल शिल्लक राहते. तेलाचा एक थेंबही न वाढवता, केवळ आकार बदलून केलेली ही करामत आहे. म्हणूनच बहुतेक चेंबर एका बाजूला उथळ आणि दुसऱ्या बाजूला खोल असतात, आणि खोल भागात जाळीभोवती उभी किंवा आडवी पट्टी, म्हणजे बॅफल, वेल्ड केलेली असते. ती तेलाला अडवत नाही. धावत निघालेल्या तेलाला उशीर करते, आणि ब्रेकचे दोन-तीन सेकंद त्या उशिरात निघून जातात. शर्यतीच्या गाड्यांत तर या पट्टीला बिजागरीची छोटी झडप असते, जी तेलाला आत येऊ देते पण बाहेर जाऊ देत नाही.

मग सगळेच चेंबर खूप खोल का करत नाहीत? कारण खाली रस्ता आहे. आपल्याकडच्या हॅचबॅकना रिकाम्या अवस्थेत १६५-१७० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स असतो आणि पाच माणसे बसली की त्यातला बराच संपतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनेप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा रुंद असल्यामुळे गाडी त्याच्यावर चढते आणि उतरते, पोट लागतच नाही. आपल्या गल्ल्यांत डांबराचे जे अरुंद उंचवटे करून ठेवलेले असतात, ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध मावतात आणि नेमके चेंबरला जाऊन भिडतात. चेंबर आखणाऱ्याला तेलाच्या बाजूने खोली हवी असते आणि रस्त्याच्या बाजूने उथळपणा, आणि त्या ओढाताणीत एकेक मिलिमीटर मोजून दिलेला असतो.

हवा ओढली गेली तर काय बिघडते, हेही सांगायला हवे. क्रँकचा गोल दांडा आणि बेअरिंग यांच्यात ०.०२ ते ०.०६ मिलिमीटरची फट असते आणि तिच्यात तेलाचा थर धरून दांडा तरंगत असतो. हे तरंगणे पंपाच्या दाबामुळे होते असा समज आहे, पण तसे नाही. ब्रिटनमध्ये १८८३ च्या सुमारास ब्यूचॅम्प टॉवर यांनी रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बेअरिंगच्या माथ्यावर तेलासाठी पाडलेले भोक बुचाने बंद केले, तर आतल्या तेलाने ते बुच बाहेर ढकलून दिले. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत वर आली. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला पाचरीसारखे फटीत ओढून प्रचंड दाब निर्माण करतो, हे त्यातून लक्षात आले आणि १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. पंपाचे काम या पाचरीला अखंड तेल पुरवणे एवढेच असते. पुरवठ्यात हवेचा बुडबुडा आला की पाचर तुटते, धातू धातूला घासतो, आणि बेअरिंगच्या मऊ थरावर जो ओरखडा उठतो तो पुढे तेल कितीही चांगले घातले तरी भरून येत नाही.

पाम बीच
५ ऑगस्ट, दुपारी १.२०

ऐरोलीकर काकांचे गणित वाचून मजा आली. मी रोज नेरूळहून वाशीला पाम बीच मार्गाने जातो आणि वळणांवर वेग फारसा कमी करत नाही, पण माझ्या गाडीत असा दिवा कधी लागलेला नाही. दुसरे असे की प्रश्नकर्त्यांनी अर्धा लिटर ऑइल जास्त घातले तर जाळी बुडालेली राहील आणि चेंबर काढण्याची कटकटच वाचेल, असे मला वाटते.

निवृत्त ऐरोलीकर
५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

पाम बीचच्या वळणाचेही गणित होऊन जाऊ द्या. वळणाची त्रिज्या ३०० मीटर आणि वेग ताशी ८० किलोमीटर धरला तर बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.१७ पट येतो, म्हणजे मघाच्या ब्रेक आणि उतार यांच्या ०.४ या बेरजेच्या निम्म्याहून कमी. तुमचा दिवा न लागण्यात तुमच्या कौशल्याचा भाग फारसा नाही, रस्ता आखणाऱ्याचा आहे.

अर्धा लिटर जास्त घालण्याचा सल्ला मात्र कृपा करून कोणी अमलात आणू नये. दांडीवरच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत लिटरभराचे अंतर असते आणि वरच्या खुणेच्या वर थोड्याच उंचीवर क्रँकची वजने फिरत असतात. तेल तिथवर चढले की मिनिटाला दोन-तीन हजार वेळा ती त्यात बुडी मारतात आणि रवीने ताक घुसळावे तसे तेल घुसळून निघते. फेसाळलेल्या तेलात हवा असते, आणि हवा दबते. मग तेलाच्या दाबावर चालणारे झडपांचे हायड्रॉलिक टॅपेट टकटकू लागतात, पंपाचा दाब ढिला पडतो, म्हणजे ज्या हवेपासून वाचायला तेल वाढवले तीच हवा दुसऱ्या दाराने आत येते. शिवाय घुसळण्यात इंजिनाची शक्ती फुकट जाते ती वेगळीच.

हे घुसळणे तेल योग्य पातळीला असतानाही थोडेफार चालू असते, कारण फिरणारा क्रँक भोवतालच्या हवेचा आणि तुषारांचा भोवरा करतो. म्हणून क्रँक आणि तेल यांच्यामध्ये भोकांची एक आडवी पत्र्याची थाळी बसवतात. तिला विंडेज ट्रे म्हणतात. वरून ओघळलेले तेल तिच्यातून खाली झिरपते आणि भोवऱ्यापासून सुटते. चेंबरचा कामगिरीशी संबंध येतो तो असा. रस्त्यावरच्या गाडीत हा फरक चालकाला जाणवण्याइतका नसतो, पण शर्यतीत तो इतका मोलाचा ठरतो की तिथे खाली तेल साठवतच नाहीत. जादा पंप लावून तेल पडल्या पडल्या शोषून घेतात आणि वेगळ्या टाकीत ठेवतात. याला ड्राय संप म्हणतात, आणि १९६४ पासून रस्त्यावर आलेल्या पोर्शे ९११ च्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ही रचना होती. इतक्या लांब जायचे नसेल तर आपली जुनी लोखंडी बॅरलची बुलेट आठवा. तिच्यातही तेलाचा कप्पा वेगळा असे, आणि महिनाभर उभी ठेवली की तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरे व किक मारल्यावर गल्लीभर धूर होई.

तुर्भे वर्कशॉप
६ ऑगस्ट, रात्री १०.४५

मी तुर्भ्याला एमआयडीसीत इंजिनाची कामे करतो. वरचे गणित मला येत नाही, पण उघडलेली इंजिने बरीच पाहिली आहेत, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे फुटलेल्या चेंबरपेक्षा चेपलेल्या चेंबरची मला जास्त धास्ती वाटते. फुटला की तेल सांडते, दिवा लागतो, मालक थांबतो. चेपला की काहीच दिसत नाही. पत्रा ८ मिलिमीटर आत गेला तर तो जाळीला जाऊन टेकतो. आयडलिंगला पंपाची ओढ कमी असते म्हणून दाब बरोबर दिसतो आणि हायवेला फेऱ्या वाढल्या की पंप उपाशी राहतो. वर दांडीही फसवते. दांडी तेलाची उंची मोजते, माप मोजत नाही. चेंबर आत दबल्यामुळे त्याची जागाच कमी झालेली असते, त्यामुळे कमी तेलातही पातळी वरच्या खुणेला लागते आणि मालक निश्चिंत होतो. ॲल्युमिनियमचा ओतीव चेंबर असला तर तो चेपत नाही, सरळ तडकतो. त्याने इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाला बळकटी मिळते आणि तेलाची उष्णताही चांगली बाहेर पडते, पण आपल्या रस्त्यांना तो फार मानवत नाही.

दुसरी गोष्ट सिलिकॉनची. पुष्कळ गाड्यांत आता चेंबरला पॅकिंग नसते, कडेने सिलिकॉनची बारीक रेघ ओढून चेंबर चढवतात. रेघ दोन-तीन मिलिमीटरची पुरते. घाईत काम करणारा बोटभर जाड लावतो, बोल्ट आवळले की जादाचे सिलिकॉन आतल्या बाजूला उतू जाते, तिथे वाळते आणि तेलाच्या तापाने सुटून तळाशी पडते. गेल्या पावसाळ्यात एक गाडी दाब येत नाही म्हणून आली होती. आधीच्या ठिकाणी तिचा पंप नवा टाकून झाला होता. चेंबर उतरवला तर जाळीला राखाडी सिलिकॉनचे तुकडे लोंबत होते, शिजवलेल्या शेवया गाळणीला चिकटाव्या तसे. चिमट्याने काढले, जाळी धुतली, दाब परत आला.

तिसरी गोष्ट प्रश्नकर्त्यांसाठी. बाजारी चेंबर बाहेरून हुबेहूब असतात, बोल्टांची भोके जुळतात, रंगही तसाच असतो. आतली बॅफल पट्टी कित्येकदा नसते, कारण ती बाहेरून दिसत नाही आणि तिचे वेल्डिंग वाचते. खोलीही चार-सहा मिलिमीटर इकडे तिकडे असते. चेंबर उतरवून दोन्ही शेजारी ठेवा, तोंडावर सरळ पट्टी आडवी टाका आणि व्हर्नियरने खोली मोजा. जाळी आणि तळ यांच्यातली फट मोजायची असेल तर जाळीला मऊ मातीचा किंवा कणकेचा गोळा लावा, चेंबर सिलिकॉन न लावता चढवा, चार बोल्ट हाताने आवळा, उतरवा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा.

चौथे, कोणी लोखंडी इंजिन गार्ड लावायला सुचवले तर त्याच्यात आणि चेंबरमध्ये किमान दोन बोटे अंतर आहे ना ते बघा. चेंबरला चिकटून बसणारा गार्ड दगडाचा मार तसाच्या तसा वर पोचवतो.

कासारवडवलीकर
१७ ऑगस्ट, रात्री ११.१०

सर्वांचे आभार. उत्तराला उशीर झाला, कारण कंपनीचा चेंबर यायला खरोखरच नऊ दिवस लागले. या काळात मी ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने जात-येत होतो.

काम दुसऱ्या गॅरेजात करून घेतले आणि चेंबर उतरवताना शेजारी उभा राहिलो. त्याआधी ऑइल स्विचच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून त्यावर स्विचबरोबर दाबाचे मीटर बसवले. तापलेल्या इंजिनात आयडलिंगला १.१ बार आणि २५०० फेऱ्यांवर २.९ बार दाब दिसला. म्हणजे शंकासुर यांना शंका होती त्याप्रमाणे पंप किंवा बेअरिंग झिजलेले असते तर असे आकडे आले नसते, असे मिस्त्री म्हणाले. मग कापूरबावडीकडे जाणाऱ्या उतारावर, पहाटे रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नाही हे पाहून ब्रेक दाबला. काटा क्षणात खाली पडला आणि दिव्याबरोबर परत चढला. तो पडलेला काटा पाहिल्यावर मी पुन्हा प्रयोग केला नाही.

जुना फुटका चेंबर पहिल्या गॅरेजच्या भंगारात अजून पडून होता, तो मी मागून आणला होता. दोन्ही पालथे ठेवले तर जुळ्या भावांसारखे दिसत होते. उताणे केल्यावर मात्र फरक कळला. जुन्यात खोल भागाच्या तोंडाशी एक वाकवलेली पट्टी सहा ठिकाणी स्पॉट वेल्ड केलेली होती आणि तिच्या मधोमध जाळीपुरतेच भोक होते; नव्यात तळ गुळगुळीत, काहीच नाही. कणकेची परीक्षाही केली. आईने पोळ्यांच्या कणकेतून एक गोळा काढून प्लास्टिकच्या पिशवीत दिला आणि गाडीला कणीक कशाला लागते हे संध्याकाळपर्यंत तीनदा विचारले. बाजारी चेंबरमध्ये दबलेला गोळा १७ मिलिमीटर जाड निघाला, कंपनीच्या नव्या चेंबरमध्ये ९ मिलिमीटर. म्हणजे महिनाभर माझी जाळी तेलात हवी त्यापेक्षा ८ मिलिमीटर वर लटकत होती आणि तिच्याभोवती तेल रोखून धरणारे काही नव्हते. जाळीत सिलिकॉनचे तीन तुकडे सापडले, त्यातला एक चांगला नखाएवढा होता.

दोन क्रँक बेअरिंगांच्या टोप्या उघडून पाहिल्या. एकावर बारीक ओरखडे आहेत, पण नख फिरवल्यावर अडकत नाही, म्हणून मिस्त्रींनी ती तशीच बसवली आणि दोन हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलताना फिल्टर कापून आत चकाकणारा चुरा आहे का ते पाहू असे सांगितले. नवा चेंबर चढवल्यावर सिलिकॉन वाळण्यासाठी गाडी रात्रभर रिकामीच ठेवली आणि सकाळी ऑइल भरले. काल त्याच उतारावर मीटर लावून ब्रेक दाबला. काटा थोडासा हलला आणि २ बारच्या वर राहिला.

शंकासुर
१८ ऑगस्ट, सकाळी ८.०५

अभिनंदन. पण पट्टी, खोली आणि सिलिकॉन अशा तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे दिव्याला नेमके कोण जबाबदार होते हे आता कधीच सिद्ध होणार नाही, याची मला थोडी रुखरुख आहे.

निवृत्त ऐरोलीकर
१८ ऑगस्ट, सकाळी ८.४०

सिलिकॉन एकटे असते तर दाब फेऱ्या वाढल्यावर सपाट रस्त्यावरही घसरला असता, आणि २५०० फेऱ्यांवर २.९ बार मिळत होता, तेव्हा त्याचा वाटा लहान असावा. पट्टी आणि खोली यांच्यात निवाडा करायचा असेल तर प्रश्नकर्त्यांनी बाजारी चेंबरमध्ये पट्टी वेल्ड करून पुन्हा बसवावा लागेल. मी त्यांना तसे सुचवणार नाही. पण तो चेंबर भंगारात देणार असाल तर मला द्या, मी ऐरोलीहून घ्यायला येतो.